कोलमनचा ऑगस्टपर्यंतचा पगार

डर्व्हलाच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे. त्या वर्षी आमचं सगळं बोलणं त्या गडग्यावरून चालायचं. टाळेबंदीत दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला बंदी होती, म्हणून ती तिच्या बाजूला आणि मी माझ्या, आपापला चहाचा मग हातात धरून उभ्या राहायचो. वारा समुद्रावरून यायचा आणि निम्मं बोलणं पळवून न्यायचा.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी तिनं हाक मारली. "युना! जरा बाहेर ये गं. आणि चष्मा घेऊन ये."

मी कोट चढवून गेले. तिच्या हातात कर खात्याचं पत्र होतं. तिनं ते गडग्यावर ठेवलं, उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली.

"वाच. कोलमनकडे कर बाकी आहे म्हणतात. मेलेल्या माणसाला कर लावतात का गं?"

कोलमन तिचा नवरा. आमच्या रॉसकीन गावच्या धक्क्यावरच्या हॅनिगन रेस्टॉरंटमध्ये सव्वीस वर्षं मुख्य आचारी होता. मी तिथंच वाढपाचं काम करते, त्याच्याहूनही दोन वर्षं जुनी. आदल्या वर्षी मार्चमध्ये सगळी रेस्टॉरंटं बंद झाली आणि कोलमन आयुष्यात पहिल्यांदा एप्रिल महिन्यात घरी बसला. बसला म्हणजे काय, बसवेना त्याला. दारं रंगवली, शेड आवरली, बटाटे लावले. चोवीस एप्रिलला छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढला आणि डर्व्हला आत पाव भाजत असताना खाली पडला. मी माझ्या खिडकीतून शिडी आडवी झालेली पाहिली. तो नुसता निजल्यासारखा दिसत होता, एक बूट निघालेला. रुग्णवाहिका यायच्या आधीच संपलं होतं.

दफनाला दहाच माणसांना परवानगी. आम्ही कामावरचे सगळे पांढरे अंगरखे घालून हॅनिगनसमोर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, एकमेकांपासून लांब लांब. गाडी समोरून हळू गेली. आमचा मालक लॉर्कन हॅनिगन सगळ्यांच्या पुढं होता. तो लहान मुलासारखा रडत होता आणि कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवू शकत नव्हतं.

तर ते पत्र. मी चष्मा लावून वाचलं. वरती दोघांची नावं होती, कारण नवरा-बायकोचा कर एकत्र भरलेला. खाली कोलमनच्या नावासमोर मालक म्हणून हॅनिगन. त्याखाली सरकारनं टाळेबंदीत दिलेल्या पगार-मदतीची रक्कम, आणि त्याखाली तारखा.

त्या मदतीची रीत अशी होती. रेस्टॉरंट बंद असलं तरी मालकानं कोणाला काढायचं नाही. पगाराचा मोठा हिस्सा सरकार देणार, पण मालकाच्या हातून. दर आठवड्याला लॉर्कननं आमची नावं कळवायची, पैसे त्याच्या खात्यात यायचे, तिथून आमच्या. मलाही तेच मिळत होते. त्यावरच मी जगले; कर मात्र तेव्हा कापला नव्हता, तो वर्ष संपल्यावर मागणार होते.

मी तारखा वाचल्या आणि पुन्हा वाचल्या.

"डर्व्हला, हे एकतीस ऑगस्टपर्यंत लिहिलंय."

"काय एकतीस ऑगस्टपर्यंत?"

"कोलमनचा पगार. एप्रिलपासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत. दर आठवड्याला चारशे दहा युरो."

ती हसली. खरंच हसली. "त्यांच्या संगणकाला सांगा कोणीतरी. माणूस सत्तावीस एप्रिलला पुरला म्हणावं."

मलाही आधी चूकच वाटली. मी घरात जाऊन कर खात्याकडून आलेला माझा कागद काढला. तो महिन्याभरापूर्वीच आला होता आणि मी तो नीट बघितलाही नव्हता. माझ्या तारखा बरोबर, रक्कम बरोबर, एका दिवसाचाही फरक नाही. संगणक माझ्याबाबतीत चुकला नव्हता. मग मला आठवलं, जुलैमध्ये आम्ही पुन्हा उघडलो तेव्हा कोलमनच्या जागी लिमरिकहून नवा आचारी आला होता. त्यालाही पगार होता. आणि कागदावर कोलमनही त्याच स्वयंपाकघरात उभा होता!

माझं डोकं तापलं. मी तशीच बाहेर आले.

"चूक नाहीये ही. लॉर्कननं त्याचं नाव काढलंच नाही. मेलेल्याच्या नावावर चार महिने सरकारकडून पैसे उचललेत त्यानं. आणि त्या दिवशी रस्त्यावर रडत होता, नाटक्या मेला!"

"गप्प बस युना." डर्व्हलाचा आवाज एकदम चढला. "त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही माझ्यासमोर. तू बोलतेस? तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी जे केलंत, ते त्याच्यामुळंच ना?"

"आम्ही काय केलं?"

"पुरे आता. मला माहितीये तुम्हाला अवघडल्यासारखं होतं. त्यानं तसं सांगितलंच होतं, म्हणून मी कधी विषय काढला नाही."

"डर्व्हला, आम्ही काय केलं?"

ती लहान मुलाला समजावतात तसं सांगायला लागली. "वर्गणी. दर शुक्रवारी लॉर्कन यायचा, पाकीट खिडकीत ठेवायचा, काचेवर टकटक करायचा आणि लांब फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. 'कामावरच्या मंडळींकडून,' म्हणायचा. साडेतीनशे युरो, दर शुक्रवारी. ऑगस्टच्या अखेरीस म्हणाला, आता सगळ्यांचे खर्च सुरू झालेत, यापुढं जमायचं नाही. मी म्हटलं, अरे देवा, एवढं केलंत तेच फार."

मला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. बोलायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. पण माझ्या तोंडावरच तिला दिसलं. मी तोंडानं म्हणाले ते इतकंच: "मी कधी वर्गणी दिली नाही, डर्व्हला. कोणी मागितलीच नाही."

वाऱ्यानं पत्राचा कोपरा फडफडत होता. तिनं हातातला चहाचा मग गडग्यावर ठेवला, पण तो नीट टेकला नाही आणि पलीकडं पडून फुटला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"कोणीच नाही?"

"मला माहीत असलेलं कोणी नाही."

"म्हणजे तुम्ही कोणीच..." तिनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि अगदी हळू म्हणाली, "युना, मी तो दगड केला त्यातून."

आता हादरायची पाळी माझी होती. कोलमनच्या थडग्यावरचा दगड. आमच्याकडं दगड उभारायला वर्षभर थांबतात, पण डर्व्हलानं सप्टेंबरातच उभा केला होता. करड्या रंगाचा, साधा. त्यावर त्याचं नाव, तारखा आणि अगदी खाली एक ओळ: 'हॅनिगनच्या स्वयंपाकघरातल्या सोबत्यांकडून'. नोव्हेंबरात आम्ही सगळे मेणबत्त्या लावायला गेलो होतो तेव्हा ती ओळ वाचली होती. मला वाटलं होतं, लॉर्कननं आमच्या नावानं पैसे दिले असतील. मनातून बरंही वाटलं होतं, फुकटचं. आम्ही कोणीच कोणाला काही विचारलं नाही. ज्याला जे श्रेय आयतं मिळतं ते तो कशाला परत करेल?

डर्व्हला वळली आणि घरात गेली. तिच्यामागं जाता येत नव्हतं. मी गडग्यावर वाकून पत्र उचललं आणि फाटकातून जाऊन तिच्या खिडकीत, आतून दिसेल असं, खोचून ठेवलं.

दुपारी मी हॅनिगनला गेले. तेव्हा लॉर्कन गुरुवार ते रविवार खिडकीतून माशाचं दाट सूप आणि सोडा ब्रेड विकायचा; सोमवारी साफसफाई. मागचं दार उघडं होतं. तो एकटाच होता, बाह्या वर सारून मोठं पातेलं घासत होता. मी उंबऱ्यावर उभी राहिले.

"लॉर्कन, कोलमन ऑगस्टपर्यंत कामावर होता?"

त्याचा हात थांबला. त्यानं पातेलं खाली ठेवलं, नळ बंद केला आणि उलट्या घातलेल्या बादलीवर बसला. चाळीशीचा माणूस, पण मी त्याला तो शाळेत जायचा तेव्हापासून ओळखते. बापाची बशी फोडल्यावर बसायचा तसाच बसला होता.

"तिला कळलं?"

"पत्र आलंय तिला. कर मागतायत."

"अरे देवा!" तो म्हणाला. "कर! हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुझ्या डोक्यात काय आलं होतं ते सांग."

त्यानं सांगितलं. मी सगळं ऐकलं, कारण मला रागवायचं होतं आणि राग येण्यापुरतं तरी ऐकायला हवं होतं. कोलमन गेला त्या संध्याकाळी आठवड्याची यादी पाठवायची होती. कोलमनच्या नावासमोरची खूण काढली की काम सोडल्याची तारीख भरायची आणि कारण निवडायचं. कारणांची यादी उघडली, त्यात 'मृत्यू' होतं. त्याला ते दाबवेना. पुढच्या आठवड्यात करू म्हणून त्यानं यादी तशीच पाठवली. पैसे आले. ठेवून घेणं शक्य नव्हतं, परत पाठवायचे तर सगळं सांगावं लागणार. म्हणून बँकेतून काढले आणि डर्व्हलाच्या खिडकीत ठेवले.

"आणि वर्गणी?"

"ती म्हणाली, कोणाकडून? मी काय सांगणार होतो, युना? सरकारकडून? तोंडातून निघून गेलं. आणि तिचा चेहरा... तू बघायला हवा होतास. कोलमन गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. 'ते माझी आठवण ठेवतात,' म्हणाली. मग दुसऱ्या शुक्रवारी कसं थांबवणार? सप्टेंबरात योजना बदलली, नावं नव्यानं भरायची होती. तेव्हा मात्र त्याचं नाव लिहायला हात धजला नाही. म्हणून थांबलं."

"एक पैसा ठेवला नाहीस?"

"नाही."

"पाकिटात साडेतीनशे होते. कागदावर चारशे दहा आहेत."

त्यानं शीतगृहाच्या दाराकडं पाहिलं. फ्रीजरची घरघर ऐकू येत होती.

"विजेचं बिल," तो म्हणाला. "शीतगृह बंद करता येत नव्हतं. आत सगळा मासा भरलेला... जाऊ दे. विजेचं बिल होतं."

खरं सांगायचं तर मला त्या साठ युरोंनी जास्त हादरवलं. सगळे ठेवले असते तर तो चोर, सगळे दिले असते तर वेडा भला माणूस, आणि दोन्हींपैकी कशालाही मी तयार होते. साठचा हिशेब मात्र माझ्या ओळखीच्या माणसाचा होता. मीही कदाचित तेच केलं असतं.

"ती कळवेल का त्यांना?" त्यानं विचारलं. "मला बंद करतील, युना. दंड भरायला माझ्याकडं आहे काय? तुम्ही नऊ जण आहात. तू आहेस."

घरी येताना माझ्या मनात काय होतं ते लपवून काय उपयोग? माझी नोकरी होती मनात. छप्पन्नाव्या वर्षी मला कोण कामावर घेणार? गडग्यापाशी आले, डर्व्हलाला हाक मारली. ती आली. डोळे कोरडे होते.

"त्यानं कबूल केलं," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. मग म्हणाले, "कर तेवढा लॉर्कन भरेल. कोणाला कळणार आहे? पैसे तुझ्यापर्यंतच आले ना? ज्याचे त्याच्या बायकोला गेले. सरकारनं काय कमी उधळलेत?"

डर्व्हलानं माझ्याकडं असं पाहिलं की मी तेवढ्यावरच थांबले.

"तुला अजून पैशांचंच वाटतंय?" ती म्हणाली. "मी अठरा शुक्रवार या खिडकीशी उभी राहून एकेकाचं नाव घ्यायचे. युना, पीदर, त्या पोलंडच्या दोघी, भांडी घासणारा म्हातारा डोनल. म्हणायचे, बघ कोलमन, तू यांच्यावर ओरडायचास, तरी बघ. रात्री त्या नावांवर झोपायचे मी. आणि तुम्ही कोणी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "तू तर इथं राहतेस. दहा पावलांवर."

मला तिला सांगायचं होतं की मी ॲपल पाय करून दिली होती, तिचं गवत कापलं होतं. सांगितलं नाही. खरोखरच वर्गणीची कल्पना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. आम्ही सगळे आपापल्या घरी पगार-मदत कधी येते त्याची वाट बघत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, डर्व्हलाचं काहीतरी होईलच.

"लॉर्कनला सांग," ती म्हणाली, "बुधवारपर्यंत त्यानं स्वतः कर खात्याला कळवावं. नाहीतर गुरुवारी मी फोन करेन. कोलमन चोवीस एप्रिलला गेला. कोणाच्याही कागदावर तो त्यानंतर जिवंत असलेला मला चालणार नाही."

लॉर्कननं बुधवारी दुपारी फोन केला. मला त्यानंच नंतर सांगितलं. पलीकडं एक बाई होत्या, आवाजावरून पोक्त. त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आचाऱ्याबद्दल वाईट वाटलं. आता मला तारीख सांगा, हळूहळू." त्यानं तारीख सांगितली. स्वतःहून सांगितलं म्हणून प्रकरण कोर्टात गेलं नाही. सगळी रक्कम परत, वर दंड, दोन वर्षांच्या हप्त्यांनी. डर्व्हलाकडून काही मागितलं नाही.

गावात मात्र रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. खिडकीतून सूप घेणारे निम्मे झाले. उरलेले निम्मे लॉर्कनला म्हणायचे, "विधवेला दिलेस ना? मग झालं तर." त्यानं त्याला आणखीच मेल्यासारखं व्हायचं.

मी सगळ्यांना फोन केले. म्हटलं, आता तरी खरोखरची वर्गणी काढू, निदान त्या दगडापुरती. सात जणांनी लगेच पैसे पाठवले. पीदर म्हणाला, "आता देऊन काय, युना? लाज झाकायची का?" आणि त्यानं दिले नाहीत. मला त्याचा राग आला, पण डर्व्हलानं पैसे घेतले नाहीत तेव्हा कळलं की त्यालाच बरोबर समजलं होतं. "दगडावरची ओळ खरी करायला पैसे नकोत मला," ती फाटकातूनच म्हणाली.

मार्चमध्ये एका सकाळी मी फिरत दफनभूमीकडं गेले. टाळेबंदीत फिरायला तेवढंच होतं. कोलमनच्या दगडापाशी गेले आणि जागच्या जागी थिजले. खालची ओळ नव्हती. पाथरवटानं ती छिन्नीनं काढून टाकली होती, आणि तिथं हाताच्या रुंदीचा एक फिकट, खरबरीत पट्टा उरला होता. बाकी दगड गुळगुळीत आणि तेवढीच जागा सोललेली. भिंतीपलीकडून जाणाऱ्यालाही दिसावा इतका तो पट्टा पांढरा होता. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. मला कोणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

जूनमध्ये आम्ही धक्क्यावर टेबलं मांडून पुन्हा उघडलो. गर्दी झाली. हप्ते भरून लॉर्कन वाळला, पण हॅनिगन उभं राहिलं. डर्व्हला तिथं आली नाही. मला रस्त्यात भेटली की मान हलवायची, बस. गडग्याशी येणं तिनं सोडलंच होतं.

ऑगस्टच्या मध्यावर सुपरमार्केटच्या रांगेत ती माझ्यामागं होती. मी गल्ल्यापुढच्या सरकत्या पट्ट्यावर सामान ठेवत होते.

"युना," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात तो कसा होता?"

मी वळले. "कोण? कोलमन? फार चांगला..."

"चांगलं नको सांगूस. चांगलं सगळ्यांनी सांगितलं. खरं सांग."

मागं चार माणसं उभी होती. गल्ल्यावरची मुलगी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, एकदा डब्लिनच्या एका गिऱ्हाईकानं हेक मासा परत पाठवला, आणखी भाजून आणा म्हणून. कोलमननं तो भाजला. तो पुन्हा परत आला. तेव्हा कोलमन टोपी काढून, बशी घेऊन स्वतः बाहेर गेला, त्या माणसाच्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि तो मासा त्या गिऱ्हाईकाच्याच हातातल्या काट्यानं शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. त्या माणसाला म्हणाला, "तुम्ही बरोबर म्हणत होता, वाईट झालाय," आणि आत येऊन आम्हा सगळ्यांना तासभर शिव्या घातल्या.

"काट्यानं? त्याच्याच?" डर्व्हला म्हणाली.

"त्याच्याच. आणि बिलातून मासा वजा केला नाही."

तिच्या हातातली पावाची लादी तिनं पट्ट्यावर ठेवली, माझ्या सामानाला खेटून, एकीचं सामान दुसरीच्यापासून वेगळं ठेवायची ती काठी मध्ये न ठेवताच. "हे त्यानं मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणखी सांग."